विहिरीत टाकलेली डबी

आई, इथे अबुधाबीत भरदुपारी पडदे ओढून बसलोय. समोर तुझी पणती निजली आहे आणि मला तुझी ती पितळी डबी आठवते आहे. काजूच्या कारखान्यात जायला निघण्याआधी तू तिच्यातला अफूचा कण दुधात उगाळून माझ्या तान्ह्या बहिणीला, धाकटीला चाटवायचीस, ती दिवसभर निजून राहावी म्हणून. तिथल्या सगळ्याच बाया चाटवायच्या. मग एकदा सुईणीने तुला अंगणातच झापलं, "अगो, पोरीला विष चारतेस काय?" तू तडक उठलीस आणि डबी विहिरीत टाकलीस. त्यानंतरची धाकटी अजून दिसते. हातपाय थरथरतायत, रडणं किंकाळीसारखं, छातीशी लावली तर तोंड फिरवते आहे. मी पडवीत शाळेची कविता पाठ करतो आहे, मोठ्याने. ती गेली. आपल्या अफूनेच गेली, हे तू मरेपर्यंत उराशी धरलंस.

तुझ्या नातीला गाडीचा अपघात झाला, पाठीचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून तिला डॉक्टरांनीच दिलेल्या गोळ्या, दुखणं मारणाऱ्या, अफूच्याच जातीच्या. दिवस राहिल्याचं कळताच ती म्हणाली, "बाबा, खलास! आजपासून एकही गोळी नाही." अगदी तुझाच आवेश. मी शाब्बास म्हणणार, तोच तिने स्पीकरवर लावलेल्या फोनवरून डॉक्टरीणबाई ओरडल्या, "अहो, असलं काही करू नका! एकदम तोडलंत तर तुम्हालाही त्रास आणि पोटातल्या बाळालाही. कमी करायच्या की नाही, किती, ते आम्ही ठरवू. जन्मल्यावर बाळावर नजर ठेवू." पुढच्या भेटीत मी चाचरत तुझ्या डबीचं विचारलं. "इतक्या वर्षांनी खात्रीनं कसं सांगू, काका? पण अचानक बंद केल्यानंही तसं होऊ शकतं."

गोळ्या डॉक्टरांच्या हिशेबाने चालू राहिल्या. बाळ झालं, नाळेबरोबर त्याला मिळणारं औषधही तुटलं, आणि दुसऱ्या दिवशी तेच थरथरणं, तेच रडणं. केरळच्या नर्सने दिवा मंद केला, पोरीला दुपट्यात घट्ट गुंडाळलं, आईच्या छातीशी दिलं. मला वाटलं आपणही काही करावं, म्हणून लहानपणची कविता गुणगुणू लागलो. "अंकल, पोएट्री बाद में. अभी बिलकुल चुप. यल्ला, जल्दी बैठो!" आयुष्यभर कवितेवर जगलेला मी, गप्प बसलो. थोडे दिवस औषधाचे थेंबही द्यावे लागले. आता ती दूध पिते, झोपते. लेक म्हणते, "बाबा, आजीला कुणी सांगायला हवं होतं ना?"

हवं होतं. पण आता सांगू काय? अफूने नव्हे, डबी फेकल्याने गेली असेल, हे ऐकून तुझं ओझं उतरेल की दुप्पट होईल, मला ठरवता येत नाही. म्हणून हा कागद तुझ्या फोटोसमोरही वाचणार नाही. एवढंच कबूल करतो: नर्सने ते गाठोडं पहिल्यांदा माझ्या हातात दिलं, तेव्हा मी माझ्या नातीला धरलंच नव्हतं. धाकटीला धरलं होतं.