तुमच्या घराचा पत्ता

बाई, तुम्हाला जाऊन खूप वर्षं झाली आणि मी तुमच्यावर पहिल्यांदा रागावले ती गेल्या महिन्यात. इतका उशिरा आलेला राग खरा असतो की नुसती सोय, हे मी रोज स्वतःला विचारते आहे. म्हणून आधी जे आठवतं ते लिहिते.

तुमचं बरकतपुऱ्याचं स्वयंपाकघर आठवतं. मी पाचवीत. मागच्या दारी नळाखाली पाय धुवूनच आत यायचं, हा तुमचा नियम. आमच्या नाल्याकाठच्या गल्लीतला चिखल माझ्या टाचांच्या भेगांत बसलेला असायचा, तो घासून काढायला तुम्ही नारळाची शेंडी दिली होती. मी पाटावर बसले आहे, खट्ट्या दाळीला फोडणी बसते आहे आणि तुम्ही पाढे म्हणवून घ्यावेत तसा तुमचा पत्ता माझ्याकडून म्हणवून घेता आहात. घर नंबर, गल्ली, दवाखान्याच्या मागे, बरकतपुरा. शिष्यवृत्तीच्या अर्जावर तो तुम्हीच लिहिलात, मग वर्गाच्या रजिस्टरमध्येही. मी विचारलं, "पण बाई, मी इथे राहत नाही ना?" तुम्ही म्हणालात, "नाल्याची वस्ती वाचली की समितीवाले पुढचे मार्क वाचत नाहीत. विचारलं तर मावशीकडे राहते म्हणायचं." शिष्यवृत्ती मिळाल्याचं पत्र तुमच्याच घरी आलं. त्या दिवशी तुम्ही मला जांभळ्या शाईचं पेन दिलंत, तुमच्यासारखंच. मी घरी कुणाला हात लावू दिला नाही त्याला.

सातवीतली गोष्ट. शाळेचा गणपती उठला आणि दुसऱ्या दिवशी चांदीचं निरांजन सापडेना. प्रार्थनेनंतर हेडमास्तरांनी एका कागदावरून नावं वाचली. चार मुली पुढे गेल्या. चौघी आमच्याच गल्लीतल्या, त्यातली एक माझी शेजारीण. आमच्या दोघींच्या घरांत एकच भिंत होती, तिकडे ती खोकली की इकडे माझी आई आल्याचं पाणी उकळायला ठेवायची. त्यांची दप्तरं सगळ्यांसमोर पालथी केली. तिच्या दप्तरातून वह्या पडल्या, एक अर्धी भाकरी पडली. काहीच सापडलं नाही. संध्याकाळी तिची आई तिला घेऊन शाळेत जाऊन आली आणि ती पुन्हा कधी शाळेत आली नाही. मी व्हरांड्यात रडत होते तेव्हा तुम्ही मला रागावलात. "डोळे पूस. तुझा काय संबंध? जा, वर्गात जाऊन बैस." मला तेव्हा तो आधार वाटला. माझं नाव का वाचलं नाही, हा प्रश्न मला पडला होता का? पडला होता, बाई. मी त्याचं उत्तर दिलं की मी हुशार आहे.

गेल्या महिन्यात ती माझ्या दारात उभी राहिली. कोठीच्या बाजारात एका दुकानात ब्लाउज शिवते, आमच्या इमारतीतल्या कुणाचा तरी द्यायला आली होती. पाटीवरचं माझं माहेरचं नाव वाचून तिने बेल वाजवली.

"काय गं बरकतपुरेवाली, वळखलंस का?"

मी तिला आत ओढलं. "बैस, चहा टाकते."

"नक्को, टाइम नाही. सेठ परेशान करतो." तरी बसली. थोडी दमली होती, श्वास अजून तसाच वाजतो तिचा. मी म्हटलं, "शाळा सोडलीस तेव्हापासून मला बरकतपुरेवाली का म्हणतेस?" ती हसली. "का म्हणजे? अम्माला हेडमास्तरांनी कागद दाखवला ना, आपल्या गल्लीतल्या पोरींची नावं. जांभळी शाई. बाईंचंच अक्षर. अम्माला वाचता येत नव्हतं, मीच वाचून दाखवलं. तुझं नाव कसं येणार त्यात? तू तर बरकतपुऱ्यात राहत होतीस!"

मी उठून चहा टाकायला लागले. तीच म्हणाली, "जाऊ दे गं, जुनं झालं. तुझ्याकडे एक काम होतं." तिच्या मुलीला आमच्या भागातल्या शाळेत घालायचंय. जवळ राहणाऱ्यांना ते आधी घेतात. "गल्लीत ठेवली तर माझ्यासारखीच होईल. पोरं दिवसभर ताडीच्या दुकानापुढे उभी असतात, पोरीला एकटी पाठवायला होत नाही. तुझा पत्ता लिहू का?"

मी म्हटलं, विचार करून सांगते. आठ दिवस केला. खोटा पत्ता लिहू द्यावा का, यावर मी डायरीची चार पानं भरली. पण खरं सांगायचं तर त्या पानांत मी तुमच्याशीच भांडत होते. गल्ली माणसाचं काय करते हे तुम्हाला ठाऊक होतं. तिथे दम लागतो, दिव्याखाली जागा नसते, चांगली मुलंही कधीतरी त्या दुकानापुढे जाऊन उभी राहतात. म्हणून तर तुम्ही मला कागदावर तिथून उचललंत. मग निरांजन हरवल्यावर त्याच गल्लीचा पुरावा कसा केलात? हेडमास्तरांनी यादी मागितली असेल, तुमची नोकरी असेल, हे सगळं मी तुमच्या बाजूने मांडून पाहते. पण माझं नाव वगळताना तुमचा हात थांबला असणारच. तेवढ्या वेळात तुम्हाला कळायला हवं होतं. निरांजन कुठे गेलं ते मला आजही माहीत नाही. मला मात्र आता माझ्या प्रत्येक प्रमाणपत्रावरचा तो पत्ता वाचवत नाही.

हे पत्र पाठवायचं तरी कुठे? तुमचं घर पाडून तिथे रक्त तपासायचं केंद्र झालंय. पत्ता अजून पाठ आहे, घर नाही.

मी तिला माझा पत्ता दिला. अर्जावर मी स्वतः लिहिला, नीट, फ्लॅट नंबरसकट. काल ती मुलीला घेऊन आली, तो पत्ता पाठ करून घ्यायला. मुलगी दारातच चपला काढून विचारत होती, "पाय कुठे धुवू?" मी म्हटलं, धुवायचे नाहीत, आत ये.

एवढं लिहून थांबणार होते. पण काल त्यांची बेल वाजली तेव्हा दार उघडण्याआधी मी टेबलावरचं माझं घड्याळ उचलून कपाटात ठेवलं होतं, बाई.