कानामागचा लाल डाग

कुळगाव, बदलापूर
मंगळवार, ३ फेब्रुवारी २०२६

प्रिय शलाका,

अनेक आशीर्वाद. तुझ्या आईचे गुडघे कसे आहेत? अंबरनाथला आमच्यापेक्षा पाण्याचे हाल जास्त, त्यात तीन जिने. त्यांना सांग, बादल्या उचलू नका. इकडे सगळे ठीक. सासूबाईंचा खोकला गेला. सुजित दोन्ही वेळ माझ्याकडे खाली जेवतो आणि भाजीला एकदाही नाव ठेवत नाही, यावरून तुझ्या नवऱ्याची काय अवस्था आहे ते ओळख. आज मंगळवार, केस कापायला कोणी येत नाही. म्हणून पार्लरमध्येच, गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसून लिहितेय.

माझी सूज उतरली. कपाळावर सालं निघतायत तेवढीच. तू माहेरी गेल्यापासून रोज फोन करून विचारतेस आणि शेवटी 'ताई, माझ्यामुळे झालं' म्हणून रडतेस. म्हणून हे पत्र. फोनवर तू मला बोलू देत नाहीस. खरं तर बोलू दिलं असतंस तरी मी बोलले नसते.

परवा जेवताना सुजित म्हणाला, "वहिनी, ती फेरपरीक्षेचा फॉर्म भरत नाय बोलते. बोलते, आता कोणाच्या डोक्याला हात लावणार नाय." चौदा तारीख शेवटची आहे ना? हे ऐकून मला आधी बरं वाटलं. हो, बरं वाटलं, खोडत नाही. मग ताट सारून उठले.

तू लग्न करून आलीस तेव्हा तुला दोरा धरता येत नव्हता. तुझ्या स्वतःच्या पोटरीवर दोरा फिरवायला लावून मी तुला भुवया शिकवल्या. महिनाभर तुझे पाय लालभडक होते. मेण किती गरम असावं ते मनगटावर बघायचं, केस ओले असताना कापले की वाळल्यावर आखूड होतात, हे सगळं तू याच खोलीत शिकलीस. मला त्याचा अभिमान होता, जोवर तू माझ्याहून कमी होतीस तोवर.

मग काशीकाकू आल्या. अकरा वर्षं माझ्या हाताखाली बसलेली बाई. दारातून आत डोकावून म्हणाल्या, "शलाका नाय काय? मग उद्या येतू." माझ्या हातात कात्री होती, समोर खुर्ची रिकामी होती, आणि काकू उद्या येणार होत्या. तू संध्याकाळी आलीस तेव्हा मी तुझ्यावर टॉवेल धुतले नाहीत म्हणून ओरडले. टॉवेल धुतलेले होते.

आता आणखी एक गोष्ट, जी राजूलाही माहीत नाही. नवरा असला म्हणून सगळं सांगावं असं थोडंच आहे? तुझ्या आधी दोन महिने मी गेले होते पार्लरचा कोर्स शिकवणाऱ्या उल्हासनगरच्या त्या संस्थेत. चिखलोलीच्या नव्या सोसायटीतल्या बायका येऊन विचारायला लागल्या होत्या, "सर्टिफिकेट कुठलं?" आणि मी भिंतीवरच्या गणपतीच्या कॅलेंडरकडे बघायचे. म्हणून चांगली साडी नेसून गेले. खिडकीतल्या मॅडमनी फॉर्म दिला, मी नाव लिहिलं, पत्ता लिहिला, अनुभव वीस वर्षं लिहिला. त्या म्हणाल्या, "दीदी, दसवीं की मार्कशीट?" मी नववीत शाळा सोडलेली. त्या तशा गोड बोलल्या, पण फॉर्म परत घेतला आणि बाजूच्या ढिगात उलटा ठेवला.

घरी येऊन मी तुला काय सांगितलं आठवतंय? "त्या कोर्सबिर्सात काही नसतं गं, पुस्तकात केस कापतात." आणि तू, बारावी पास, दोन महिन्यांनी गेलीस आणि आठवड्यात प्रवेश घेऊन आलीस. तेव्हापासून माझं तुझ्याशी सरळ असं काही राहिलंच नाही. तुझा तो काळा एप्रन, तुझी वही, प्रत्येक गिऱ्हाइकाला 'कशाची अ‍ॅलर्जी आहे का?' विचारणं. मी मागे उभी राहून हसायचे. बायकांनाही हसवायचे. रात्री मात्र त्या वहीतले शब्द मनात पुन्हा पुन्हा म्हणायचे. तू तिथे जे शिकलीस ते मला हवं होतं आणि तुझ्याकडे मागायचं नव्हतं.

परीक्षेला प्रत्येकीने आपापली मॉडेल न्यायची. तू तुझ्या बहिणीला नेणार होतीस. पण मग लाडात येऊन म्हणालीस, "ताई, तुमच्या हाताखाली शिकले, तुमच्याच डोक्यावर पास होणार." तू मनापासून म्हणालीस हे मला कळत होतं. पण मला एवढंच ऐकू आलं की आता माधवीने खुर्चीत बसायचं आणि शलाकाने मागे उभं राहायचं. मी हो म्हटलं. नाही म्हणायला कारण काय सांगणार?

परीक्षेत केस रंगवायचे होते, म्हणून दोन दिवस आधी तू चाचणीसाठी माझ्या कानामागे थेंबभर रंग लावलास. "आधी कधी रंगाने त्रास झालाय का?" तू वहीत बघून विचारलंस. मी म्हटलं, "छे." शलाका, झाला होता. स्वप्नालीच्या बारशाला काळा रंग लावला होता आणि चार दिवस तोंड सुजलं होतं. आमची लेक आता कॉलेजात आहे. तेव्हापासून मी फक्त मेंदी लावते आणि सगळ्यांना सांगते, केमिकल मला आवडत नाही.

दुसऱ्या दिवशी कानामागे खाज सुटली. परीक्षेच्या सकाळी बारीक पुरळ आणि रुपयाएवढा लाल डाग. मी आरशात बघितला. मला कळलं होतं त्याचा अर्थ काय: हा रंग या डोक्याला लावायचा नाही. तुझ्या वहीतून पाठ केलेलाच होता की मी तो अर्थ. तुला हाक मारली असती तर तू तासाभरात बहिणीला बोलावलं असतंस. मी कन्सीलर घेतला. नवरीच्या गळ्यावरचे डाग झाकते तसा बोटाने थापटून लावला, वर पावडर. असा लावला की तुला काय, कोणालाच दिसला नसता. तू केस बाजूला करून बघितलंस, मला विचारलंस, "काही झालं नाही ना ताई?" मी म्हटलं, "काही नाही." संमतीच्या कागदावर पूर्ण नावाने सही केली.

तू नापास व्हावीस एवढंच मला हवं होतं. रंग लावताना खाजवेन, उठेन, तुझा गोंधळ होईल. तोंड एवढं सुजेल, डोळे मिटतील, तू रडत रडत माझं डोकं धुशील, असं नव्हतं ठरवलं. पण हे काही माझ्या बाजूने धरू नकोस.

परीक्षक बाई ओरडल्या, "पॅच टेस्ट केली होतीस का?" तू म्हणालीस, "केली होती मॅडम, बघितलं होतं." त्या माझ्याकडे वळल्या. "खाज आली होती का तुम्हाला?" डोळे बंद होते माझे, तू दिसत नव्हतीस. फक्त तुझा हात माझ्या खांद्यावर होता, ओला. मी म्हटलं, "नाही." त्यांनी लिहिलं की उमेदवाराने चाचणी न करताच रंग लावला. तोवर मान अख्खी लाल झाली होती, त्यात तो जुना डाग कोण शोधणार?

घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "काय गो, डोलं कशान सुजलं?" आणि तू पुढे होऊन म्हणालीस, "माझी चूक झाली." मग मला थंड दुधाच्या पट्ट्या ठेवत बसलीस. त्या पट्ट्यांनी जेवढं भाजलं तेवढं रंगाने भाजलं नाही.

काल मी उल्हासनगरला गेले. त्याच खिडकीवर. एका कागदावर लिहून नेलं होतं की चाचणी झाली होती, वेळेत झाली होती, त्रास मी लपवला, परीक्षकांना खोटं मी सांगितलं, उमेदवाराचा दोष नाही. मॅडमनी वाचलं, चष्म्यावरून बघितलं. "आपने ऐसा क्यों किया?" मी म्हटलं, "वो मुझसे अच्छी है." तुझ्या तोंडावर हे मी आयुष्यात म्हणणार नाही, म्हणून इथे एकदाच लिहिते. त्यांनी कागदावर शिक्का मारला, त्याची प्रत सोबत जोडलीय. निकाल बदलेल की फेरपरीक्षाच द्यावी लागेल, ते त्यांनी सांगितलं नाही. तू फॉर्म भर.

घरी कोणाला सांगायचं, ते तू ठरव. सुजितला सांगितलंस तर तो मला वहिनी म्हणणार नाही, ते मला चालवून घ्यावं लागेल. तू परत कुळगावला येशील की नाही, तेही विचारत नाही. कात्रपला वेगळं दुकान काढलंस तर काशीकाकू तिकडे येतील, आणि मी जळेन. पास झालीस तरी जळेन. हा माझा स्वभाव आता या वयात कुठे जाणार? तो मी माझा बघेन.

परीक्षेला बहिणीलाच बसव. दोन दिवस आधी कानामागे रंग लाव. आणि तिला नुसतं 'काही झालं का' विचारू नकोस. मॉडेल कोणीही असो, सख्खी बहीण असो की ताई. ओला कापूस घे, ती जागा आधी पुसून काढ, मग उजेडात नेऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघ. एवढंच तुला शिकवायचं माझ्याकडून राहिलं होतं.

त्या संमतीच्या कागदावर केली होती तशीच, पूर्ण नावाने सही करते. ही खरी आहे.

सौ. माधवी राजू भोईर