निळी सायकल तिच्या नावे

मी, सायकली दुरुस्त करणारा, वय तेवीस, डॉक्टरांच्या गोळ्या वेळेवर घेऊन, पोटभर जेवून, कोणाच्याही धाकाला न जुमानता हे मृत्युपत्र लिहितो. मला मरायची अजिबात घाई नाही. पण परवा जेवताना वकीलकाका म्हणाले, "ज्याचं मन आज आभाळात नि उद्या पलंगाखाली, तो लग्नाचं काय ठरवणार?" मी ताट सरकवून उठलो. डोकं थंड झाल्यावर हे सुचलं.

कलम एक. माझी निळी सायकल, पाने, पकडी, हवेचा पंप आणि बँकेत असेल ते, सगळं माझ्या होणाऱ्या बायकोला मिळावं. आम्ही मनाच्या आजारातून सावरणाऱ्यांच्या केंद्रात भेटलो. तिला नसलेले आवाज ऐकू येतात, मला नसलेले पंख फुटतात. मी तिला ब्रेक म्हणतो. ती मला घंटी म्हणते, कारण मी एकदा सुरू झालो की वाजतच राहतो.

कलम दोन. केंद्रातल्या समुपदेशक ताईंना माझा रेडिओ. आमचं प्रेम कळल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला नाही. विचारलं, "एकाचं बिनसलं तर दुसऱ्यानं काय करायचं, ठरवलंत का?" त्यांच्यासमोर बसून ठरवलं. माझं बोलणं सुसाट सुटलं की ती म्हणते, "घंटी, खाली उतर." मग मी सायकल हातात धरून तिच्याबरोबर डॉक्टरांकडे चालत जातो. वाद घालतो, पण चालतो. तिचे आवाज वाढले की मी "असं काही नाही गं" म्हणत नाही. शेजारी बसून साखळीला तेल घालतो आणि ती म्हणेल तेव्हा डॉक्टरांना फोन लावतो.

कलम तीन. आईला माझं कपाट, आवरून. "आधी बरा हो, मग प्रेम कर," असं ती म्हणायची. आई, आजार घरातच राहणार आहे, मग तुझी होणारी सूनही राहिली तर बिघडलं कुठं? परवा तू तिला स्वतःची शाल दिलीस, ते मी पाहिलंय.

कलम चार. कॉलेज मध्येच सुटलं तेव्हा "वाया गेला" म्हणणाऱ्या सरांवरचा राग कोणालाही देत नाही. तो अजून चालू स्थितीत आहे.

कलम पाच. वकीलकाकांना काही नाही, कारण ते साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला वाटा नसतो. लिहिणारा भानावर आहे, असं साक्षीदाराने लिहून द्यावं. काका, मनापासून वाटलं तरच सही करा. सायकल कोणाला द्यायची आणि लग्न कोणाशी करायचं, हे ठरवायला माझ्याकडे डोकं एकच आहे.

स्थळ: काकांची कचेरी
दिनांक: चौदा जून
सही: घंटी

साक्षीदार एक, माझे डॉक्टर: तपासलं. भानावर आहे.

साक्षीदार दोन, काका: दोनदा वाचलं. गाढवा, चांगलंच अडकवलंस. लिहिणारा पूर्ण भानावर आहे, याबद्दल माझी खात्री आहे. कलम एकमधलं 'होणाऱ्या' लग्नानंतर खोडावं लागेल. दोघं मिळून या.