तरंगलेली फळं

१४ ऑक्टोबर.
नेर्मीनला जाऊन आज चाळीस दिवस. आजपासून रोजनिशी. माणसाला शिस्त हवी. कब्रस्तानामागचा बोडका उतार ओकच्या झाडांनी भरून काढायचा, तिला शब्द दिलाय. बायको दरवर्षी तिथे फळं पेरायची आणि दरवर्षी माझ्या शेळ्या कोंब फस्त करायच्या. यात माझी चूक नव्हती, शेळ्यांना हद्द कळत नाही. शेवटी ती एवढंच म्हणाली, की फायेक, या वर्षी तरी शेळ्या आवर.

१७ ऑक्टोबर.
ओकची सहा पोती फळं वेचली. प्रत्येक झाडाखाली थोडी राहू द्यायची ही गावची रीत, पाखरांसाठी आणि मातीसाठी. यंदा नाही राहू दिली. शेळ्यांना लागतील; हिवाळा कडक जाणार, असं माझा गुडघा सांगतोय.

२० ऑक्टोबर, सकाळी.
मुख्य काम. नेर्मीन फळं पाण्याच्या टपात टाकायची. काही तरंगायची, काही तळाला बसायची. एक ढीग मातीला, एक शेळ्यांना. कुठला कुणाला, हे काय विचारायचं? तीस वर्षं समोर चहा पीत बसलोय. दुधावरची सायसुद्धा वरच येते. तरंगलेली पेरायला काढली. तळाची जड, चकचकीत फळं शेळ्यांना.
शेजारची गेलास कुंपणावरून म्हणाली, फायेकदादा, येऊ का? आम्ही दोघी मिळूनच निवडायचो. म्हटलं, मला सगळं येतं. बाई जरा आगाऊच आहे.

२ नोव्हेंबर.
पेरणी पूर्ण. तार आणायला पेंजवेनच्या बाजारात जाणार होतो, कंटाळा आला. उताराभोवती काटेरी झुडपांचंच कुंपण घातलं. नेर्मीन हे कुंपण वर्षानुवर्षं मागत होती. एका दिवसाचं काम निघालं. कंबर धरली आहे, जास्त लिहीत नाही.

१२ फेब्रुवारी.
बर्फ. शेळ्या धष्टपुष्ट, काळीला जुळं झालं. माझ्या नियोजनाचा रिझल्ट. चहा अजून दोन पेल्यांत ओततो. उद्यापासून एकच.

२१ मार्च, नवरोज.
कोंब नाहीत. उतार थंड आहे, वेळ लागणारच. चहा दोन पेले.

१९ एप्रिल.
एक खड्डा उकरला, फक्त चेक म्हणून. टरफलात अळीचा भुसा. एकावरून काही ठरत नाही. आणखी चाळीस उकरले.

२० एप्रिल.
गेलास दही घेऊन आली. आठवण काढून हसत होती. म्हणाली, किडकं पोकळ फळ वर आलं की नेर्मीन म्हणायची, बघ कसं मिरवतंय, अगदी आमच्या फायेकसारखं, टाक शेळ्यांना. जिवंत असतं ते तळाला जातं. मग विचारलं, तुम्ही तळाचीच पेरलीत ना?
हो म्हणालो.
मग येतील की, म्हणाली, आणि दह्याचं भांडं ठेवून गेली.
पुढच्या वर्षी लवकर सुरुवात करणार. पण नेर्मीन, शेळ्या आवरल्या मी. एकही कुंपणाच्या आत गेली नाही.