आईच्या उजव्या हाताला

४ मार्च

सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही बोलता आणि मी ऐकते, म्हणून लिहिते आहे.

कंपनीने मला लांबच्या कारखान्यावर टाकलं, भाड्याचं घर सोडावं लागलं, म्हणून आई तुमच्या नव्या घरी येते आहे. नाहीतर तुम्हाला तसदी दिली नसती.

आईला जवळजवळ दिसत नाही. हे ती कबूल करत नाही, माझ्याजवळही नाही. इथे ती सवयीवर चालते. पलंगावरून उठलं की उजव्या हाताला स्टूल, त्यावर पाणी, पुढे बाथरूम. कुणाचा हात धरून बाथरूमला जावं लागेल त्या दिवशी आपण संपलो, असं ती म्हणते. थट्टेत म्हणत नाही.

खोलीचा आराखडा सोबत आहे. मी यंत्रांचे आराखडे करते, त्या मानाने खोली सोपी. जुनंच सामान, जुन्याच अंतरावर. तुमच्याकडे बाथरूम दुसऱ्या बाजूला येतं, म्हणून फक्त डावं-उजवं बदललं आहे. घर बदलल्याचं आईच्या हातापायांना कळता कामा नये; ताण कमी करण्याचा दुसरा उपाय मला माहीत नाही.

लोभ आहे तेवढा पुरे, आराखडा पाळावा.

तुमची नणंद

९ मार्च

चि. इंजिनिअरबाईंस,
अ. आ. (वयाने मोठी आहे, म्हणून द्यावे लागतात.)

तुझा आराखडा तुझ्या दादाने फ्रिजवर लावला आहे. मला हसावं की रडावं कळेना. नवीन घर, नवीन रंग, आणि त्यात ते पाय हलणारं स्टूल आणि पत्र्याचं कपाट? आईंना प्रसन्न वाटावं म्हणून मी दवाखान्याला एक दिवस कुलूप लावून सामान निवडलं. दिसत नाही म्हणे! मागच्या महिन्यात घर बघायला आल्या तेव्हा पडदे छान आहेत असं स्वतः म्हणाल्या. घरातल्या प्रत्येकाला आजारी पाडायची तुला हौसच आहे.

आमच्यावर माया असू दे, लक्ष थोडं कमी ठेव.

वहिनी

१२ मार्च

सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

पडदे कसे वाटले असं तुम्ही विचारलंत, ती छान म्हणाली. रंग विचारायला हवा होता. तुम्ही लोकांचे दात बघता. ज्याला दुखतं तो सांगेलच, या भरवशावर काम करत असाल. आई सांगणार नाही.

तुमचं प्रसन्न सामान परत करा. दादाशी बोलले आहे. स्टूल आणि कपाट टेम्पोतून आईबरोबरच येतील.

आपुलकीचं पुढे बघू.

तुमची नणंद

२३ मार्च

चि. इंजिनिअरबाईंस,
अ. आ.

नवऱ्याला मध्ये घालून जिंकलीस. खोली तुझ्या आराखड्याबरहुकूम लावली, अगदी टेप धरून. आता निकाल ऐक.

पहिल्याच सकाळी आई उठल्या, उजवीकडे वळल्या आणि बाथरूम समजून कपाट उघडलं. मी दारात उभी होते. हँगर चाचपून त्या तशाच थांबल्या. मग साडी शोधत होते म्हणाल्या. साडी अंगावर होती. तेव्हापासून पाणी पिणं बंद केलं, म्हणजे उठायलाच नको. तुझा दादा हात पुढे करायचा, त्या भिंतीकडे तोंड करून झोपायच्या.

दिसत नाही, हे तुझं खरं निघालं. बाकीचं ऐक. मी रोज पेशंटच्या तोंडात धरलेल्या छोट्या आरशात बघून काम करते. उलट्या बाजूने हात चालवायला शिकताना कॉलेजात मला रडू आलं होतं, तेही विशीत. आणि तू आईंना सत्तरीत आरशातली खोली दिलीस! अंतरं मात्र बिनचूक.

पलंगाचं डोकं समोरच्या भिंतीला केलं असतंस तर बाथरूम आपोआप उजव्या हाताला आलं असतं. का नाही केलंस, ते आराखड्यात तूच लिहिलं आहेस: दिव्याचं बटण उशाशी यावं म्हणून. दिव्याचं बटण! कुणासाठी गं?

काल मी आणि तुझ्या दादाने पलंग फिरवला, स्टूल नि कपाट त्याप्रमाणे हलवलं. हसऱ्या चेहऱ्याने नाही. आज आई स्वतः गेल्या, स्वतः आल्या. येऊन पाणी मागितलं नाही, स्टुलावरचं उचलून प्यायल्या. मग मला जवळ बोलावून हळूच विचारलं, पडदे कुठल्या रंगाचे आहेत.

तुला माफ केलेलं नाही. ते कपाट अजूनही भयानक दिसतं.

वहिनी

२७ मार्च

सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

आराखडा चुकला होता. फ्रिजवरून काढून टाकावा.

मी आईबरोबर सात वर्षं राहिले. मला तिने असं कधीच काही विचारलं नाही. तुमच्याबद्दल माझं मत बदललेलं नाही, पण एक गोष्ट तुम्ही पत्रात लिहायची विसरलात.

पडदे कुठल्या रंगाचे आहेत?

लोभ मागत नाही. उत्तर पाठवावं.

तुमची नणंद