पोर वर घ्या

अलिबाग,
ता. ४ जानेवारी १९५५

प्रिय मोरू,

आशीर्वाद. तू माझगावच्या खोलीवरच आहेस असं धरून लिहितो आहे. नाताळाआधी तुझं कार्ड आलं, त्यानंतर काही नाही. आईला सांगितलं, बोटीवर काम फार असतं, लिहायला सवड होत नाही. ती म्हणाली, "जेवायला व्हती ना सवड? मंग दोन वळी लिवायला काय जातंय?"

गावाकडे भात बरं झालं. झोडणी आटोपली. आईची कंबर धरते, पण ती कोणाला उखळाला हात लावू देत नाही. मी शाळेतून रजा काढून चार दिवस उरणला होतो. मिठागर कामगारांची सभा झाली आणि माझा घसा बसला. डॉक्टरांनी बोलायला बंदी केली आहे. आमच्या हेडमास्तरांना फार आनंद झालेला दिसतो.

सभेत मी काय बोललो ते मुंबईच्या वर्तमानपत्रांत आलं, तू वाचलं असशील. नसलंच वाचलं तर थोडक्यात सांगतो.

नाताळच्या सुटीतल्या रविवारी आगरदांड्याहून एक मचवा उरणकडे निघाला. तुला ठाऊक आहे, झोडणी झाली की आतल्या गावांतली माणसं दरसाल मिठागरांवर जातात. पोरंबाळं, हंडे, गोधड्या, पोटापुरती भाताची पोती, सगळा संसार मचव्यात. मोटारीचं भाडं परवडत नाही आणि मोटार पोती घेत नाही. काशीदच्या समोर मचव्याला खालून काहीतरी लागलं. पाणी आत येऊ लागलं. तांडेलाने शीड उतरवलं, पुरुष हंड्यांनी पाणी उपसू लागले, पोती समुद्रात गेली. तेवढ्यात जंजिरा पाहून परतणारी, मुंबईच्या बड्या लोकांनी सहलीला ठरवलेली आगबोट दिसली. ती जवळ आली. तिचा वेगही कमी झाला. मचव्यातल्या माणसांना वाटलं, सुटलो.

मग बायकांनी पोरं उचलून धरली.

इथे मला एक गोष्ट लिहावी लागते. तुला ती माझ्याहून चांगली ठाऊक आहे, पण चौकशीत लिहून द्यायची आहे, म्हणून शब्द जुळवून पाहतो. आपल्या बंदरांना धक्का नाही. आगबोट खोल पाण्यात उभी राहते, उतारू मचव्यातून तिच्या बगलेला जातात. शिडीपाशी रेटारेटी होते. अशा वेळी आपल्याकडची बाई आधी पोर वर धरते आणि ओरडते, "पोर वर घ्या." शिडीवरचा खलाशी त्याला काखेत धरून उचलतो. पोर वर गेलं की आईला खाली ठेवून बोट हलत नाही. बोट हाकणाऱ्या कुठल्याही सारंगाची ती छाती नाही. कंपनीच्या कायद्यात हे कुठे लिहिलेलं नसेल, पण श्रीवर्धनपासून रेवसपर्यंत प्रत्येक बाई याच भरवशावर पोर दुसऱ्याच्या हातात देते. तू किती वर्षं त्या शिडीवर होतास. किती पोरं तुझ्या खांद्याला लाळ लावून गेली असतील.

आगबोटीवरच्या मंडळींना यातलं काही माहीत नव्हतं. वर ग्रामोफोन चालू होता. त्यांना दिसलं की खाली गरीब बाया पोरं दाखवून मागताहेत. त्यांनी संत्री टाकली. पाव टाकले. एकाने फोटो काढला. मी सभेत त्यांना दुष्ट म्हटलं नाही. माझी त्यांच्याविषयी तक्रारच ही आहे: ती चांगली माणसं होती. त्यांना देण्याची हौस होती, विचारण्याची सवय नव्हती. स्वराज्य आलं तेव्हा आपण म्हणालो, आता वरचा माणूस आणि खालचा माणूस एका पातळीवर येतील. त्या दुपारी त्यांच्यात दहा हातांचं अंतर होतं, आणि खालचा काय म्हणतो हे वरच्याला कळलं नाही. भाषा दोघांची मराठी.

मग आगबोटीने वेग घेतला. तिच्या लाटेने मचवा आडवा झाला.

काशीदच्या बुधाजी तांडेलाच्या होड्या पोचल्या तेव्हा पाण्यावर माणसं होती, गोधड्या होत्या आणि संत्री होती. अकरा माणसं गेली. त्यांतली बरीच मुलं.

उरणच्या सभेत मी म्हणालो, "त्या बोटीवर एकही कोकणचा माणूस नव्हता असं मला कोणी सांगू नये. खलाशी कुठले? भट्टीवरचे आगवाले कुठले? सुकाणावर ज्याचे हात होते तो कुठला? ज्याने उचललेलं पोर पाहिलं आणि ओळखलं आणि सुकाण सरळ धरलं, त्याचं नाव मला हवं आहे." टाळ्या फार झाल्या. लोक उठून उभे राहिले.

सभेहून मी मुरूडच्या दवाखान्यात गेलो. बायजाला तिथे ठेवलं होतं.

होय, आपली बायजा. मघापासून हे लिहायचं टाळतो आहे. धर्मा बायकोपोराला मागे ठेवून महिनाभर आधीच मिठागरावर गेला होता, म्हणून ती एकटीच सदूला कडेवर घेऊन त्या मचव्यात बसली होती. ती वाचली. पायाला लागलं आहे, ते बरं होईल.

सदू सापडलेला नाही.

मोरू, ती सांगते ते तसंच लिहितो. पाणी गुडघ्याला आलं तेव्हा तिने सदूला पदराने पोटाशी बांधून घेतलं होतं. गाठ घट्ट होती. आगबोट जवळ आली तेव्हा तिने ती गाठ सोडली. वर द्यायचं पोर बांधलेलं कसं चालेल? दोन्ही हातांनी त्याला डोक्यावर धरलं आणि ओरडली, "पोर वर घ्या." लाट आली तेव्हा तिचे हात वर होते.

बांधलेला राहिला असता तर तिच्याबरोबर वाचला असता. ती हे दिवसातून कितीदा तरी म्हणते. मी तिला सांगतो, तू रीतीप्रमाणे केलंस, चूक तुझी नाही. ती ऐकून घेते आणि पुन्हा तेच म्हणते.

मी तिला उरणच्या सभेचं सांगायला गेलो होतो. वाटलं, आपल्या बाजूने कोणी उभं राहिलं हे ऐकून तिला धीर येईल. सुकाणावरच्या माणसाचं नाव मागितलं, असं म्हणालो. ती भिंतीकडे वळली. म्हणाली, "दादा, नाव नको मागू. मोरू व्हता."

मी म्हणालो, "तुला भास झाला असेल."

"आपल्या भावाला वळखनार न्हाय का मी? मी त्याला हाक मारली. त्यानं पायलं. मला पायलं का नुसतं पान्याकडं पायलं, ते न्हाय सांगता येत."

तुझा कप्तान काय म्हणाला, तू थांबायला विचारलंस की नाही, विचारलंस तर तुला काय उत्तर मिळालं, हे मला ठाऊक नाही. तुझ्याविरुद्ध एक अक्षर मी अजून मनाशी पक्कं केलेलं नाही. पण येत्या मंगळवारी, ११ तारखेला, अलिबागला प्रांतसाहेबांपुढे चौकशी आहे. बोटवाल्यांनी लिहून दिलं आहे की खूण कोणालाच समजली नाही, मचव्यातले लोक खेळीमेळीने मुलं दाखवत आहेत असं वाटलं. हे कप्तानाच्या बाबतीत खरंही असेल. तुझ्या बाबतीत ते खरं असू शकत नाही. त्या बोटीवर खूण समजणारा एक माणूस होता, आणि तो बोलला तरच पुढे या किनाऱ्यावर एखाद्या आगबोटीला थांबावं लागेल. नोकरी जाईल. कदाचित त्याहून जास्त जाईल. तरी ये. मी तुझ्या शेजारी उभा राहीन.

तू आला नाहीस तर नाव मी घेईन. हे धमकी म्हणून लिहीत नाही. ज्या तोंडाने भर सभेत ते नाव मागितलं, ते तोंड आता आपल्या घरचं निघालं म्हणून मिटता येत नाही. आईला यातलं काही माहीत नाही. सदू गेला एवढंच माहीत आहे.

मंगळवारी सकाळी कचेरीच्या फाटकाशी असेन.

तुझा,
दादू


अलिबाग,
ता. २३ जानेवारी १९५५

मोरू,

तू आला नाहीस. कचेरीची हाक होईपर्यंत मी फाटकाशी होतो.

चौकशी एका दिवसात संपली. बोटवाल्यांचा वकील सभ्य माणूस होता, मेलेल्यांविषयी दुःख व्यक्त करूनच त्याने सुरुवात केली. काशीदचा बुधाजी तांडेल चांगला बोलला. "पोर वर घ्या" म्हणजे काय ते त्याने हात वर करून दाखवलं, आणि मुंबईच्या एका साक्षीदार बाईंनी तोंडावर रुमाल धरला. त्या तेव्हा संत्री टाकणाऱ्यांत होत्या. दुपारच्या सुटीत बाहेर बायजाजवळ येऊन नुसत्या उभ्या राहिल्या. बायजानेच त्यांना म्हटलं, "बसा बाय, उनात उभ्या नका राहू."

मग बायजाला पुढे बोलावलं. धर्माने तिला धरून आणलं.

प्रांतसाहेबांनी मऊ आवाजात विचारलं, "बाई, बोट अगदी जवळ आली होती ना? सुकाणावर कोण होतं ते पाहिलं का? आपल्या भागातला माणूस होता असं काही लोक म्हणतात."

ती म्हणाली, "न्हाय साहेब."

"नीट आठवा. घाई नाही."

"डोल्यांत खारं पानी व्हतं. कोन न्हाय दिसला."

मी उठलो. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "मास्तर, तुम्ही मचव्यात होता?"

"नाही."

"बोटीवर होता?"

"नाही. पण मला सांगायचं आहे की..."

तेवढ्यात बायजाने वळून पाहिलं. तिने मला खूण केली नाही, हात जोडले नाहीत, नुसतं पाहिलं. तुझं नाव घ्यायचं तर आधी सगळ्यांसमोर तिला खोटं पाडायला हवं होतं. तिचं पोर गेलं होतं, आणि मी तिला खोटारडी म्हणणार होतो, सत्यासाठी. आयुष्यभर मी सांगत आलो की सत्यापुढे भाऊ नाही, बहीण नाही. पुस्तकांत वाचलं होतं, सभांत सांगितलं होतं. साहेब थांबले होते. कारकुनाची लेखणी थांबली होती. मी म्हणालो, "काही नाही," आणि बसलो.

खूण न समजल्यामुळे दुर्घटना घडली, असा निर्णय झाला. कोणाचा दोष नाही. आगबोट पुढच्या सुटीत पुन्हा जंजिऱ्याला जाणार आहे.

परतताना मी तिला विचारलं, "कोणासाठी केलंस? मोरूसाठी?"

ती म्हणाली, "आयसाठी. तिचा नातू गेला. आता ल्योक पन काढून घेऊ? अन मोरूचं म्हनशील, तर त्याला माझ्या साक्षीची काय गरज? त्यानं पायलंय ना."

हे पत्र मी तुला बोल लावायला लिहीत नाही. ते मी करू शकलो असतो अशी एकच जागा होती, ती गेली. उरणच्या कामगारांनी पुन्हा सभा ठेवली आहे. मी येत नाही असं कळवलं. घसा बरा झाला आहे.

हे लिहितो आहे ते बायजाच्या सांगण्यावरून. पाय पुरता बरा नसताना ती काशीदला जाऊन राहिली आहे, बुधाजीच्या घरी. ओहोटी लागली की किनाऱ्याने चालते. एका दिवशी उत्तरेला कोर्लईच्या अंगाला, दुसऱ्या दिवशी दक्षिणेला मुरूडच्या. बुधाजीची बायको केसर तिच्याबरोबर जाते. आता इतक्या दिवसांनी काही सापडणार नाही हे सगळ्यांना कळतं, तिलाही कळतं. पण बायजा म्हणते, दोन दिवसांतला एक चुकीच्या अंगाला चालण्यात जातो.

तिला तुला एवढंच विचारायचं आहे. थांबला का नाहीस, हे ती विचारत नाही. बोट पुढे गेल्यावर तू मागे वळून पाहिलं असशील, अशी तिची खात्री आहे. "पायलं असनार त्यानं," ती म्हणते, "त्याच्यानं न पायता राहावनार न्हाय." ती स्वतः पाण्याखाली होती, तिला काही दिसलं नाही. तू उंचावर होतास. तर तिचं पोर लाटेबरोबर कुठल्या अंगाला गेलं, ते सांग.

एक कार्ड टाक. त्यावर तुझं नाव नको, गाव नको, क्षमा नको. मुरूड किंवा कोर्लई, यांतला एक शब्द लिही. मी तो तिला नेऊन देईन आणि कोणी पाठवला ते विचारणार नाही.

वाट पाहतो.

दादू