पाणी इथवर आलं होतं

महाड,
मंगळवार

प्रिय निशा,

तुझं प्रश्नचिन्ह मिळालं. कुणीतरी तुला फोटो पाठवला, त्यात तुझ्या शिल्पाला झेंडूचा हार आणि पुढ्यात फोडलेला नारळ, आणि तू मला नुसतं प्रश्नचिन्ह पाठवून गप्प बसलीस. मी बरेचदा उत्तर टाईप केलं आणि खोडलं. तुझा दगड देव झाला आहे, हे वाक्य फोनच्या पडद्यावर फारच उघडंवाघडं दिसतं. म्हणून हे पत्र लिहायला बसले. वाचताना शक्यतो हातात छिन्नी धरू नकोस.

सुरुवात माझ्यापासूनच झाली, हे आधीच सांगून टाकते. शिल्पउद्यान समितीने मला दर रविवारी सकाळी लोकांना उद्यान फिरवून दाखवायचं काम दिलं, ते तुला माहीत आहेच. मी किती तयारी केली होती ते माझ्या आईला विचार. गलबतं भरतीबरोबर दासगावावरून आपल्या या काठापर्यंत कशी यायची, मग गाळाने नदी उथळ कशी झाली, धक्का होता तिथे वीटभट्टी आली, भट्टीवाल्यांनी माती खणून खड्डे केले, खड्ड्यांत गावाने कचरा भरला आणि त्या कचऱ्यावर भराव टाकून समितीने शिल्पं उभी केली, हे सगळं मी म्हाताऱ्या माणसांना विचारून, जुने नकाशे पाहून पाठ केलं. शिल्प नुसतं बघायचं नसतं, ते ज्या जमिनीवर उभं आहे ती जमीनही बघायची असते, असं एक वाक्य तयार केलं आणि आरशासमोर म्हणून पाहिलं. पहिल्या रविवारी तीन माणसं आली. एक मास्तर होते, ते पहिल्या बाकावर बसून पेपर वाचू लागले. एका बाईंना स्वच्छतागृह हवं होतं. तिसरे महमूदचाचा, तेच ट्रकवाले, ज्यांच्या गाडीतून तुझा दगड आला. ते समितीवर आहेत, म्हणून माणसं किती आली ते बघायला आले होते. त्यांनी बघितलं आणि माझी कीव आल्यासारखे शेवटपर्यंत थांबले.

उद्यानात लोक येत नाहीत असं मात्र नाही. 'संवाद' नावाच्या त्या दोन सिमेंटच्या चेहऱ्यांना सगळे 'जावा' म्हणतात, कारण ते एकमेकांकडे पाठ करून उभे आहेत. 'झेप' या पोलादी पक्ष्यावर शेजारच्या वाडीतल्या गोधड्या वाळतात. खरं सांगायचं तर गोधडी पांघरल्यावर तो जास्त उडाल्यासारखा वाटतो, पण हे त्याच्या शिल्पकाराला कळवू नकोस. तुझा 'ओघ' नदीच्या टोकाला एकटा उभा असतो. मधली खोबण बघून बायका त्याला रांजण म्हणायच्या, आणि मी प्रत्येकीला थांबवून हा रांजण का नाही ते समजावून सांगायचे. त्या मान डोलवायच्या आणि जाताना एकमेकींना सांगायच्या, फुटका रांजण असेल.

मग मला वाटलं, जमिनीचा इतिहास नुसता ऐकवून उपयोग नाही, तो डोळ्यांना दिसला पाहिजे. भट्टीच्या जुन्या धुराड्यावर एकवीस सालच्या पुराचा डाग अजून आहे. गवंडी वापरतात ती पाण्याची नळी आणली, त्या डागाची पातळी तुझ्या शिल्पावर घेतली, आणि स्टुलावर चढून चारही बाजूंनी रेघ ओढली. रंग महमूदचाचांनी दिला, ट्रकच्या फाळक्याला लावून उरलेला. तो लाल होता, निशा. आणि पातळ होता. रेघेखाली ओघळ आले, ते पुसायला गेले तर आणखी पसरले, थोडा खोबणीत सांडला. मी खाली उतरून लांबून पाहिलं, तेव्हा मला पुराची पातळी दिसली. बाकी सगळ्या महाडला शेंदूर दिसला.

त्या रविवारी मी लोकांना तिथे उभं करून सांगितलं की पाणी इथवर आलं आणि थांबलं. दुसऱ्या दिवशी सकाळी रेघेखाली जास्वंदीचं फूल होतं. ते आवडीमावशीने वाहिलं होतं, फाटकाशी माठ-चवळीच्या जुड्या विकायला बसते ती. मी तिला म्हटलं, मावशी, हे शिल्प आहे. ती म्हणाली, असूंदे. मी म्हटलं, पूर आला तेव्हा हा दगड इथे नव्हतासुद्धा, तो तिकडे उमरठजवळच्या ओढ्यात पडला होता. यावर तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "मंग तितनंच थांबवलान."

आता यावर मी बी.ए.च्या तिन्ही वर्षांत काही शिकले नव्हते.

आठवडाभरात हार आला, नारळ आला, पोलादपूरहून दोन रिक्षा भरून माणसं आली. मी पाटी लावली, हे शिल्प आहे, पूजा करू नये. संध्याकाळी पाटीच्या खिळ्यात उदबत्ती खोचलेली. कला म्हणजे काय यावर मी आवडीमावशीला ऊन चढेपर्यंत व्याख्यान दिलं. तिने ते फार मायेने ऐकलं आणि शेवटी माझा घसा सुकला असेल म्हणून नारळाचं पाणी पुढे केलं. मी ते प्यायले. तहान लागली होती. तू हसतेस ते मला इथे ऐकू येतंय, पण विचार कर, दर मार्चला चवदार तळ्यावर पुस्तकांच्या स्टॉलवर उभी राहून मी लोकांना विवेकाची पुस्तकं विकते. आमच्या घरात बाबासाहेबांच्या फोटोशेजारी माझा पदवीचा फोटो आहे. आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते की घरात पहिली पदवी हिची. आता आळीतले लोक तिला सांगतात, तुझ्या पोरीनं पदवी घेऊन देव केलान. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली तेव्हा म्हणाली, दुसरा कुठला रंग नव्हता का गो.

इथपर्यंत हसण्यासारखं होतं. मग समितीची बैठक झाली. अर्ध्या लोकांचं म्हणणं, आता भाविक यायलाच लागलेत तर वर पत्र्याची शेड घाला आणि भोवती जाळी लावा. उरलेल्यांचं म्हणणं, सार्वजनिक उद्यानात देव नको, उद्या यावरून भांडणं होतील, आजच उचला आणि गोदामात टाका. म्हणजे दोन्हीकडून तुझं शिल्प जात होतं. एकीकडे देव होऊन जाळीत, दुसरीकडे ताडपत्रीखाली. उचलायचं म्हणजे महमूदचाचांनी उचलायचं, कारण क्रेन त्यांची. ते सगळ्यांचं ऐकून घेत होते. शेवटी माझ्याकडे वळून म्हणाले, "मी उतरवला तेव्हा धोंडा होता, पोरी. धोंडा कितीही उचलीन. देव उचलायला मला नको सांगू. उद्या कुणाच्या घरात मांजर आजारी पडलं तरी ते महमूदच्या नावावर जाईल." यावर सगळे हसले, आणि हसल्यामुळे मला मुदत मिळाली. येत्या रविवारच्या फेरीत मी लोकांची समजूत घालायची. जमलं तर शिल्प राहील. नाही तर पनवेलहून दुसऱ्याची क्रेन येईल.

मी रडले नाही, पण रॉकेल आणि चिंध्या घेऊन गेले. रेघच पुसून टाकायची, म्हणजे प्रश्न मिटला. मी स्टुलावर चढले, तर आवडीमावशी भाजी टाकून आली आणि स्टुलाचा पाय धरून उभी राहिली. मला वाटलं, देव बाटवते म्हणून ओढून पाडते की काय. पण ती पाय हलू नये म्हणून धरत होती. म्हणाली, "पुस नको गो बाय. माज्या घरात पन पानी होता. सगला चिखल धुतला, भिंत रंगवली. आता पोरा इचारतात कुठवर होता, तर मलाच नाय सांगता येत."

मी चिंधी खाली टाकली. मला पहिल्यांदा कळलं की ती दगडाला फूल वाहत नव्हती, रेघेला वाहत होती. आणि रेघेत काही चूक नव्हती. चूक एवढीच होती की ती एकटीच होती. संपूर्ण गाव पाण्याखाली गेलं आणि मी खूण केली ती एका दगडावर, मग लोकांना तो दगड वेगळा वाटणार नाही तर काय.

बाकीचे दिवस मी, महमूदचाचा आणि ती पाण्याची नळी. चाचांनी फाळक्याचाच रंग आणखी आणला, या वेळी घट्ट. त्याच पातळीवर आम्ही रेघ पुढे नेली. विजेच्या खांबांवरून, 'झेप'च्या गळ्यावरून, दोन्ही जावांच्या कपाळांवरून, फाटकाच्या कमानीवरून. स्वच्छतागृहाच्या भिंतीवरून, बाहेरून आणि आतून. समितीच्या कचेरीत तर रेघ अध्यक्षांच्या खुर्चीमागून अशी जाते की ते बसले म्हणजे पाण्याखाली दिसतात. त्यांना ते फारसं आवडलेलं नाही, पण नळी खोटं बोलत नाही असं चाचांनी त्यांना सांगितलं.

त्या रविवारी गर्दी झाली. देव हलणार अशी बातमी असल्यामुळे जास्तच. लोक हार घेऊन फाटकातून आत आले आणि थबकले. जिकडे बघावं तिकडे शेंदूर. एक गृहस्थ स्वच्छतागृहाच्या भिंतीपुढे हात जोडणार होते, तेवढ्यात त्यांच्या बायकोने त्यांना कोपर मारलं. मी पाठ केलेलं एकही वाक्य बोलले नाही. मी फक्त म्हटलं, पाणी इथवर आलं होतं, चला, कुठे कुठे ते बघू. आणि आम्ही रेघेबरोबर चालत निघालो. थोड्या वेळाने कुणीतरी म्हणालं, म्हणजे आमच्या माळ्यावर कमरेएवढं. दुसरं कुणी म्हणालं, आमचा फ्रिज तर तरंगून मशिदीच्या पायरीला लागला होता. मग मला बोलायची गरजच उरली नाही. प्रत्येक खांबापाशी कुणाचं तरी घर निघत होतं. एका काकूंनी त्यांचं वाहून गेलेलं लोणचं इतकं तपशीलवार सांगितलं की लोकांच्या तोंडाला पाणी सुटलं.

त्या गर्दीत मागे भिकाजीकाका उभे होते. मी त्यांना पाहिलं नाही असं दाखवलं, त्यांनीही मला पाहिलं नाही असं दाखवलं. हातात मासळीची पिशवी होती, म्हणजे सहज वाटेवरून आल्यासारखं. तू डी.एड. सोडून बडोद्याला दगड घडवायला गेलीस तेव्हापासून तुझे बाबा तुझं नाव घेत नाहीत, हे सगळ्या आळीला ठाऊक आहे, म्हणून मीही त्यांच्याकडे कधी विषय काढत नाही. पण तो माणूस जन्मभर एसटीत कंडक्टर होता. लोक एका जागी घोळका करून उभे राहिलेले त्यांना किती वेळ बघवणार? वाटेच्या मध्यावरच त्यांचा आवाज लागला. पुढं सरका, पुढं जागा हाय, मागच्यांना बघूंद्या. आणि निशा, लोक सरकले. मला कित्येक रविवारी जमलं नाही ते त्यांनी एका दमात केलं. त्यानंतर मी पुढे आणि ते मागे, अशी आमची फेरी तुझ्या शिल्पापर्यंत पोहोचली.

तिथे मी तुझं नाव सांगितलं, पोलादपूर तालुक्यातला दगड आणि महाडची मुलगी, असं. लोकांनी रेघ बघितली, दगड बघितला, पुढे गेले. काका गेले नाहीत. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि खोबणीत हात घालून आतून फिरवला, सावकाश. मला न बघता विचारलं, "हा एवढा धोंडा तिनं एकटीनं घडवलान?"

मी हो म्हटलं.

"हात शाबूत हायेत ना तिचे?"

मी पुन्हा हो म्हटलं. ते पिशवी उचलून निघून गेले.

याला आता नऊ दिवस झाले. फुलं थांबली, असं म्हणणार नाही. आवडीमावशी अजून रोज एक जास्वंद आणते, पण आता ती रेघेवर जिथे मनाला येईल तिथे ठेवते. काल ते विजेच्या खांबाला होतं. हार-नारळ बंद झाले, रिक्षा बंद झाल्या. समितीने ठरवलं की शिल्प जागेवर राहील, मात्र शेजारी ठसठशीत फलक हवा, शिल्पाचं नाव आणि घडवणाऱ्याचं पूर्ण नाव, म्हणजे ते कुणा माणसाने केलंय याबद्दल कुणाला शंका राहणार नाही. तुझ्या शिल्पावरचा रंग मी काढून देईन किंवा तसाच ठेवीन, तू म्हणशील तसं. पण ठेवू दिलास तर मला बरं वाटेल.

आता ज्यासाठी हे पत्र लिहिलं ते. काल पेंटरने फलकावर खडूने अक्षरं आखली. तू समितीला कळवलं होतंस तेवढीच, निशा तांबे. काल मासळीची पिशवी नव्हती, तरी काका आले. फलकावरचं एकेक अक्षर वाचलं. मग पेंटरला, मला नव्हे, म्हणाले, "मधी जागा बरीच सोडलीस रे." एवढंच. त्यांनी मला काही विचारलेलं नाही, काही लिहायलाही सांगितलेलं नाही, आणि तू नको म्हणालीस तर मी तुला विचारलं होतं हे त्यांना कधीच कळणार नाही. पेंटरला मी बजावलंय, बडोद्याहून उत्तर येईपर्यंत डबा उघडायचा नाही. तो म्हणतो, भिकाजी तीनच अक्षरं, आरामात बसतील. घालू का?

तुझीच,
उज्वला